लायसियमचे दार

मिसिसिपी विद्यापीठ १८४८ मध्ये ऑक्सफर्ड या छोट्या गावात सुरू झाले. उंच खांबांची लायसियम ही त्याची सर्वांत जुनी इमारत. ती उभारण्यात गुलामांचे श्रम होते. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा विद्यार्थी दक्षिणेच्या सैन्यात दाखल झाले आणि लायसियमचे लष्करी रुग्णालय झाले. विद्यापीठाचे लाडके नाव 'ओल मिस'. १८९० च्या दशकात वार्षिकांकासाठी नाव शोधताना ते पुढे आले. मळ्यावरचे गुलाम मालकिणीला याच नावाने हाक मारीत. शंभरहून अधिक वर्षे या संस्थेत उघडपणे एकाही कृष्णवर्णीयाला प्रवेश नव्हता.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी मेडगर एव्हर्स या कृष्णवर्णीय तरुणाने येथील विधी शाखेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. १९५८ मध्ये कृष्णवर्णीय प्राध्यापक क्लेनन किंग नाव नोंदवायला आले, तर त्यांची रवानगी थेट मनोरुग्णालयात झाली.

जेम्स मेरेडिथ हे मिसिसिपीतल्याच कोशिअस्को गावचे. हवाई दलात नऊ वर्षे काढून ते जॅक्सन स्टेट महाविद्यालयात शिकत होते. जॉन केनेडी यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि लगेच, जानेवारी १९६१ मध्ये, मेरेडिथ यांनी 'ओल मिस'कडे अर्ज मागवला. अर्जासोबत माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रे जोडण्याची अट होती. सगळे माजी विद्यार्थी गोरे. त्यामुळे रंगाचा उल्लेखही न करता रंग पाहण्याची सोय या अटीतच होती. मेरेडिथ यांनी आपल्या भागातील कृष्णवर्णीय नागरिकांची पत्रे जोडली आणि आपण निग्रो असल्याचे स्वच्छ लिहून टाकले. अर्ज फेटाळला गेला. वकील कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी त्यांची बाजू कोर्टात लढवली. जून १९६२ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला, की मेरेडिथ यांना नाकारण्यामागे रंगाखेरीज दुसरे कारण नाही.

राज्यपाल रॉस बार्नेट यांनी टीव्हीवरून प्रतिकाराची घोषणा केली, मेरेडिथ यांच्या प्रवेशाचे अधिकार स्वतःकडे घेतले आणि २० सप्टेंबरला त्यांना परत पाठवले. जाहीर सभांत ताठ असलेले हे गृहस्थ खाजगीत अध्यक्ष केनेडी आणि त्यांच्या भावाशी फोनवर घासाघीस करीत होते. केंद्राच्या मार्शलांनी, म्हणजे न्यायालयाचे आदेश राबवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, बंदुका उपसाव्यात, म्हणजे बळापुढे नमलो असे लोकांना दाखवता येईल, इतकीच त्यांची इच्छा. बंदूक एकाने उपसायची की सगळ्यांनी, यावरही चर्चा झाली.

३० सप्टेंबरला, रविवारी संध्याकाळी, मेरेडिथ यांना गुपचूप बॅक्स्टर हॉल या वसतिगृहात आणले गेले. जमावाला वाटले, ते लायसियममध्ये आहेत. इमारतीभोवती कडे करून उभ्या असलेल्या शेकडो मार्शलांवर आधी शिव्या, मग बाटल्या, विटा आणि शेवटी गोळ्या येऊ लागल्या. मार्शलांनी अश्रुधूर सोडला. त्याच सुमारास अध्यक्ष केनेडी टीव्हीवरून देशाला सांगत होते, की मेरेडिथ विद्यापीठात पोहोचले आहेत आणि न्यायालयाचा आदेश पाळला जातो आहे. बाहेरगावाहून आलेल्या सशस्त्र टोळ्या तोवर विद्यार्थ्यांत मिसळल्या होत्या. मार्शलांना पिस्तुले वापरायला बंदी होती. फ्रेंच पत्रकार पॉल गिहार आणि स्थानिक रहिवासी रे गंटर गोळी लागून ठार झाले. शंभराहून अधिक मार्शल जखमी झाले, त्यांतील २८ गोळ्यांनी. पहाटेपर्यंत लष्कर उतरले. या कामी एकूण सुमारे ३०,००० सैनिक हलवले गेले, गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. १ ऑक्टोबरच्या सकाळी, अश्रुधुराचा वास हवेत असतानाच, मेरेडिथ यांचे नाव लायसियममध्ये नोंदवले गेले. पहिला तास वसाहतकालीन अमेरिकेच्या इतिहासाचा होता.

पुढचे वर्ष एकटेपणाचे होते. मेरेडिथ उपाहारगृहात बसले की शेजारची टेबले रिकामी होत. रात्री वरच्या खोलीत कुणीतरी चेंडू आपटत राही. मार्शल शेवटपर्यंत सोबत होते. ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांना राज्यशास्त्राची पदवी मिळाली.

प्रवेश खुला झाला, वावर मात्र बराच काळ गोऱ्यांचाच राहिला. फेब्रुवारी १९७० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एका संगीत कार्यक्रमात मंचावर जाऊन निषेध नोंदवला. कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमा, कृष्णवर्णीय इतिहास शिकवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ८९ जणांना अटक झाली, आठ जण काढून टाकले गेले. त्या आठांची नावे मेरेडिथ यांच्याइतकी कुणाच्या लक्षात नाहीत, पण वर्गात काय शिकवले जावे हा प्रश्न त्यांनीच उभा केला.

खेळाच्या मैदानावर फडकणारा, यादवी युद्धातील दक्षिणेचा युद्धध्वज आणखी चिवट निघाला. १९८२ मध्ये जॉन हॉकिन्स या पहिल्या कृष्णवर्णीय चिअरलीडरने तो हाती घ्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने त्या ध्वजाशी अधिकृत नाते तोडले, तरी प्रेक्षक तो फडकावतच राहिले. अखेर १९९७ मध्ये मैदानात काठ्या आणायला बंदी आली, आणि काठीविना झेंडा फडकेना.

मेरेडिथ यांचा पुतळा लायसियमच्या मागे २००६ मध्ये बसवला गेला. २०१४ मध्ये कुणीतरी रात्रीतून त्याच्या गळ्यात फास अडकवला. लायसियमसमोरच्या वर्तुळाकार आवारातील, यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा २०२० मध्ये हलवून आवारातल्याच दफनभूमीत नेण्यात आला. 'ओल मिस' हे नाव चालू आहे, आणि विद्यापीठाच्या क्रीडासंघाला आजही 'रेबेल्स', म्हणजे बंडखोर, म्हणतात.