एवढीच काढायची

सकाळचे साडेनऊ. गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, त्यामुळे झाडवाल्यांच्या वहीतले मे महिन्यातले गुरुवार आधीच भरलेले असतात. आजही लाईट जाईपर्यंत काम सुरू होणार नाही. गुलमोहराच्या दोन फांद्या अकरा हजारांच्या लाईनीला टेकायला आल्या आहेत.

सोसायटीच्या गेटशी, पार्किंगच्या सावलीत पत्त्यांचा डाव पडला आहे. झाडवाले मामा, त्यांची दोन पोरं आणि चौथा भिडू म्हणून वॉचमन. मेंढीकोट. मामांच्या बाजूला तीन दश्श्या आल्या आहेत, चौथी वॉचमनने धरून ठेवली आहे. शेजारी मोटारसायकल. तिच्या कॅरिअरवर नायलॉनच्या दोरीचं जाड वेटोळं, पोत्यात गुंडाळलेले दोन कोयते, बाकदार करवत, पेट्रोलवरचं मशीन. हँडलला सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट लटकतंय. दुकान म्हणायचं तर एवढंच.

दहा वाजून गेल्यावर लिफ्टचा आवाज थांबतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी "गेली!" म्हणून ओरडतं. मामा पत्ते पालथे ठेवतात, पण लगेच झाडावर चढत नाहीत. लाईनमनला फोन करून लाईन खरंच बंद केल्याची खात्री करून घेतात. मग झाडाभोवती सावकाश फिरतात.

बुंध्याला चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक. पाणी मुरायला वीतभरही माती मोकळी नाही. मामा कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकत जातात. ठक्, ठक्, ठक्. दक्षिणेच्या बाजूला आवाज बदलतो, पोकळ येतो. तिथे वाकून ते बोटाने साल दाबतात. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, ते पाहतात. नाही. मग वर बघतात, बराच वेळ. आपणही मान वर करतो. पानं कमी, फुलं फार. सगळं झाड लालभडक झालेलं.

तोवर सोसायटीतली मंडळी जमतात. सेक्रेटरी काकांच्या हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं परवानगीचं पत्र आहे. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि झाडाला इजा करणं हेही त्यात 'तोडण्या'तच मोडतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. पत्रात 'धोकादायक फांद्यांची छाटणी' एवढंच लिहिलं आहे. पण काकांचं म्हणणं वेगळं.

"मामा, पैसे देतोच आहोत तर वरून सगळं साफ करून टाका. पुन्हा तीन वर्षं बघायला नको."

"साहेब, वरून मारलं तर तीन वर्षांनी नक्की बघावं लागेल."

मामा समोरच्या बंगल्यातलं झाड दाखवतात. कुणीतरी मागे कधी त्याचं पार मुंडण केलं आहे. प्रत्येक थोटकाच्या टोकाला आता सरळसोट फुटव्यांचा झुबका. हे फुटवे सालीलगतच्या थरातून येतात, आतल्या लाकडात त्यांची पकड नसते. जाड झाले की वाऱ्यात आधी तेच मोडतात. काका ऐकून घेतात, पण पटलेलं दिसत नाही.

नटाला बांधलेली सुतळी वर भिरकावली जाते. पहिला नेम चुकतो, दुसऱ्याला बेचक्यातून पार. सुतळीमागून जाड दोरी सरसरत वर जाते. मामा बेल्ट आवळतात, गाठ दोनदा ओढून बघतात. सुरगाठ खालच्या पोराच्या कामाची, अंगाला मात्र निरगाठ. चपला बुंध्याशी. पाय सालीला लागले की बाई-माणसांची कुजबुज थांबते.

पंधरा फूट. वीस. तीस. इथून सुटलेली वस्तू दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येते. खाली आपल्याला "बाजूला!" म्हणायलाही तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून दुसरा पोरगा फाटकाशी दोरी बांधून उभा आहे आणि दूधवाला, कुरिअरवाला, शाळेला सुट्टी लागलेली पोरं, सगळ्यांना एकाच सुरात "पलीकडून, पलीकडून" म्हणतो आहे.

वर कावळ्यांची एकच कावकाव उठते. डावीकडच्या बेचक्यात घरटं आहे, काटक्यांत तारेचे तुकडे खोचलेले. एक कावळा येऊन हेल्मेटवर टोच मारून जातो. मामा हात न उगारता मागे सरकतात. "ही नाही काढत," वरून आवाज येतो. "पिल्लं उडाली की बघू." काका खाली पत्राकडे बघतात, वर बघतात, गप्प राहतात.

आता लाईनीकडची फांदी. फूटभर जाड, दहा फूट लांब. एवढ्या ओल्या लाकडाचं वजन पावणेदोनशे-दोनशे किलो भरतं. ती नुसती सोडून दिली तर कंपाउंडची भिंत जाईल. म्हणून आधी फांदीला दोरी बांधली जाते, दोरी वरच्या बेचक्यातून खाली येते आणि शेजारच्या आंब्याच्या बुंध्याला दोन वेढे घेऊन पोराच्या हातात जाते. भार बुंध्यावर, पोराच्या हाताला फक्त ढील सोडायची.

पहिला काप खालून. खोडापासून हातभर लांब, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग त्याच्या थोडं पुढे, वरून दुसरा. मशीन घरघरतं, पिवळट भुसा उडतो, ओल्या लाकडाचा आंबूस वास खालपर्यंत येतो. करकर आवाज. फांदी मोडते, पण खालच्या कापापाशी येऊन थांबते. तो काप नसता तर खोडाची साल हातभर सोलत खाली आली असती. दोरी ताणते. "सोड... सोड... धर!" फांदी झोके घेत उतरते आणि लाल पाकळ्यांचा सडा घालत जमिनीला टेकते.

तिसरा काप थोटकाचा. इथे मशीन बंद. मामा करवत काढतात. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची एक फुगीर वळी असते. तिच्या बाहेरून, तिला धक्का न लावता कापायचं. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड आतलं इजा झालेलं लाकूड बंदिस्त करतं आणि या वळीतून नवी साल पुढे येत ते हळूहळू झाकून टाकते. वळीच कापली तर झाकणार कशाने? कापलेल्या जागी बोर्डो पेस्टचा निळा लेप बसतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. बादली दोरीनेच वर जाते.

साडेबारा. डांबरावर पाय ठरत नाही. मामा खाली येतात तेव्हा बनियन अंगाला चिकटलेला असतो आणि हाताच्या कातडीवर सालीचे ओरखडे. पहिल्या मजल्यावरच्या काकू ताकाचा तांब्या घेऊन उतरतात. पोरं आंब्याखाली डबे उघडतात. भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. तेवढ्यात मामांचा फोन वाजतो. कर्वेनगरची सोसायटी. "पाऊस सुरू व्हायच्या आत येतो ताई." पुन्हा फोन. सिंहगड रस्ता. "टेम्पो धरून की टेम्पो सोडून?" भाव असाच सांगायचा. टेम्पोचं भाडं, पोरांची हजेरी, मशीनचं पेट्रोल, चेनला धार. उरेल ते मामांचं. पगारी रजा नाही, पडल्यावर बघणारं कुणी नाही. जूनमध्ये झाडं पडली की रात्री-अपरात्री बोलावणं येतं, आणि ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे हात रिकामे.

दुपारी आंब्याची पाळी. त्यावर बांडगूळ माजलं आहे. फुलटोच्या त्याची फळं खातो आणि चिकट बिया फांदीफांदीवर लावून जातो. नुसतं ओरबाडलं तर ते पुन्हा फुटतं, म्हणून गाठीच्या खालून फांदीच घ्यावी लागते. ओंडके वखारीच्या टेम्पोत चढतात. पालापाचोळ्याचा ढीग तसा बेताचाच.

काका ढिगाकडे बघून म्हणतात, "एवढीच काढली?"

"एवढीच काढायची होती," मामा दोरीचं वेटोळं करत म्हणतात. काका पैसे मोजतात, शंभराची एक नोट मागे ठेवतात. घासाघीस होत नाही.

साडेसहाला मामा तालमीत. इथे त्यांना कुणी झाडवाले म्हणत नाही, सगळे वस्ताद म्हणतात. एरंडेलाचा वास. मधोमध पुरलेला सागाचा मल्लखांब, बाजूला आढ्याला टांगलेली सुती दोरी. दहा-बारा वर्षांची पोरं रांगेत. एक मुलगी अंगठ्यात दोरी धरून वर सरकते, पायाची अढी घालते, हात सोडते. वस्ताद खालून फक्त पंजा पुढे धरून उभे. "घाई नको. आधी पकड, मग हात." दिवसभर दोरीला लटकलेला माणूस संध्याकाळी पुन्हा दोरीशीच येतो, पण इथे भाव ठरवायचा नसतो. चेहऱ्यावरून ते कळतं.

आपल्याकडे छाटणीचे पैसे ढिगाकडे बघून दिले जातात. जो झाड बोडकं करतो त्याचं काम झालेलं दिसतं, जो चार फांद्या हेरून काढतो त्याने कमी केलं असं वाटतं. पुढच्या मे महिन्यात झाडवाल्याला बोलावाल तेव्हा दोन गोष्टी आधी विचारा: बेल्ट आणला आहे का, आणि कुठल्या फांद्या ठेवणार आहात. भाव त्यानंतर ठरवा, आणि ठरल्यावर शंभर रुपये मागे ठेवू नका.