शिक्क्यावरची तारीख

मार्च २०२० मधली ही हकीकत आहे. तेव्हा तुम्ही फार लहान असाल, पण घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पाहा. परदेशातून मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशांच्या डाव्या हातावर, मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईने, एक शिक्का मारला जाई. शिक्क्यात एक तारीख असे. त्या तारखेपर्यंत घरातल्या वेगळ्या खोलीत एकट्याने राहायचे, असा त्याचा अर्थ. माझ्या एका विद्यार्थ्याचा थोरला भाऊ १७ मार्चला दुबईहून आला. त्याच्या हातावर ३१ मार्च ही तारीख उमटली होती. विद्यार्थ्याने मला फोन करून विचारले, "सर, आईला दम्याचा त्रास आहे. दादा १ एप्रिलला तिच्याजवळ बसला तर चालेल ना? चौदाच दिवस का? ते मोजले कुणी?"

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु "मोजले कुणी आणि कसे" हा प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे. म्हणून मी शोध घ्यायला बसलो.

विषाणू शरीरात शिरल्यापासून आजाराचे पहिले लक्षण दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला परिपाककाल म्हणतात. या काळात विषाणू पेशींमध्ये शिरून आपली संख्या वाढवीत असतो, पण बाहेरून काहीच दिसत नाही. आता असे पाहा, प्रयोगशाळेत साध्या दोलकाचा आवर्तकाल काढताना स्टॉपवॉच सुरू करणारे तुम्ही आणि बंद करणारेही तुम्हीच. इथे मात्र घड्याळ बंद केव्हा झाले ते कळते, कारण ताप आला तो दिवस रोग्याला आठवतो. ते सुरू केव्हा झाले ते कोणी पाहिलेलेच नसते! बसमध्ये कोण खोकले आणि त्यातला कोणता थेंब नाकात गेला, हे कोण सांगणार?

कधी कधी मात्र परिस्थितीच घड्याळ सुरू करून देते. याचे उत्तम उदाहरण १८४६ सालचे आहे. स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मध्ये, उत्तर अटलांटिक महासागरात फेरो नावाची बेटे आहेत. त्या वर्षी तेथे गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. डेन्मार्कच्या सरकारने पेटर पानुम नावाचा एक तरुण डॉक्टर तिकडे पाठविला. वय अवघे पंचवीस. बेटांवरची खेडी एकमेकांपासून इतकी तुटलेली, की परगावच्या माणसाशी गाठ पडणे ही लक्षात राहण्यासारखी घटना असे. पानुमने याचाच फायदा घेतला. तो गावोगाव होडीने फिरे आणि एकच चौकशी करी, पुरळ कोणत्या दिवशी उठले, आणि त्याआधी तुम्ही कुणाला, केव्हा भेटला होता?

त्याला मिळालेली एक नोंद तर प्रयोगासारखीच स्वच्छ आहे. ४ जून रोजी त्यॉर्नुविक या गावातले दहा पुरुष एका होडीतून वेस्टमान्ना येथे देवमाशांच्या शिकारीला गेले. तेथे गोवर झालेली माणसे होती. १८ जूनच्या सुमारास दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. भेट आणि पुरळ यांत चौदा दिवस! पुढे आणखी सुमारे दोन आठवड्यांनी गावातल्या इतरांची पाळी आली. अशा अनेक नोंदींवरून पानुमने सांगितले, की संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत तेरा ते चौदा दिवस जातात. आजची पुस्तकेही साधारण हाच आकडा देतात. (गोवरात ताप आणि खोकला पुरळाच्या तीन-चार दिवस आधी सुरू होतात. तेव्हा कोणते लक्षण मोजले हे सांगितल्याशिवाय परिपाककालाच्या आकड्याला अर्थ नाही. दोलकाचा आवर्तकाल सांगताना लांबी सांगायला विसरावे, तसे ते होईल.)

दुसरे उदाहरण १९७७ सालचे, अलास्कातले. ५४ माणसे असलेले एक विमान इंजिन बिघडल्यामुळे तीन तास जमिनीवरच अडकून पडले. हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि एका प्रवाशाला इन्फ्लुएंझा झालेला होता. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. ज्यांनी विमानात जास्त वेळ काढला, त्यांच्यात आजाऱ्यांचे प्रमाणही जास्त होते. इथेही घड्याळ केव्हा सुरू झाले ते ठाऊक होते, म्हणून इन्फ्लुएंझाचा परिपाककाल दिवसांत नव्हे तर तासांत मोजता आला.

जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या वुहान शहरातून नवा विषाणू पसरू लागला तेव्हा असे सोयीचे विमान कोणाच्याही हाती नव्हते. हाती होते ते प्रवासी. वुहानला जाऊन परतलेल्या आणि मग आजारी पडलेल्या माणसाविषयी एवढे नक्की म्हणता येत होते, की लागण तो तेथे असतानाच झाली असावी. मी चार काल्पनिक प्रवासी घेऊन हिशेब मांडतो. वही-पेन्सिल घ्या.

पहिला प्रवासी ८ जानेवारीला वुहानला पोचला, ९ ला निघाला आणि १४ ला त्याला ताप आला. त्याचा परिपाककाल ५ ते ६ दिवस. दुसरा १ ला पोचला, ४ ला निघाला, ९ ला आजारी पडला. म्हणजे ५ ते ८ दिवस. तिसरा १ पासून १० पर्यंत तेथे होता आणि १२ ला आजारी झाला. म्हणून २ ते ११ दिवस. चौथा वुहानचाच रहिवासी. तो १५ ला निघाला आणि १८ ला आजारी पडला. त्याचा काळ ३ दिवसांहून कमी नाही, एवढेच म्हणता येते. वरची मर्यादा नाही.

प्रत्येक प्रवाशाने आपल्याला आकडा दिला नाही, आकड्यांची एक खिडकी दिली. काही खिडक्या अरुंद, काही प्रशस्त. या सर्वांत समाईक भाग कोणता, असे विचारून भागत नाही, कारण परिपाककाल माणसागणिक खरोखरच निराळा असतो. म्हणून संख्याशास्त्रज्ञ उलट्या बाजूने जातात. ते आधी एक वक्र कल्पितात. किती टक्के लोकांना दुसऱ्या दिवशी, किती जणांना पाचव्या दिवशी लक्षणे दिसतील, हे तो वक्र सांगतो. मग विचारतात, हा वक्र खरा असेल तर पहिल्याच्या खिडकीत उत्तर सापडण्याची संभाव्यता किती? दुसऱ्याच्या? तिसऱ्याच्या? या सर्व संभाव्यतांचा गुणाकार करायचा. वक्र थोडा इकडे-तिकडे सरकवून पुन्हा गुणाकार. ज्या वक्राला गुणाकार सर्वांत मोठा येईल तो पत्करायचा. अरुंद खिडक्या वक्राला जागेवर धरून ठेवतात आणि प्रशस्त खिडक्या त्याला मोकळे सोडतात. एकही रोगी वाया जात नाही, ही या रीतीची खरी गंमत.

वक्राचा आकारही नीट पाहिला पाहिजे. तो दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. डावीकडे तो पटकन चढतो आणि उजवीकडे लांब शेपटी सोडतो. अमेरिकेतील सार्टवेल यांनी १९५० मध्ये दाखविले, की दिवसांऐवजी दिवसांच्या लॉगॅरिथमचा आलेख काढला तर अनेक रोगांच्या बाबतीत तो जवळजवळ घंटेसारखा होतो. शिक्क्यावरची तारीख ठरवायची तर नुसता सरासरीचा आकडा उपयोगाचा नाही. प्रश्न शेपटीचा असतो.

इथे एक सापळा आहे, आणि मला तो सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. समजा, दोघांना एकाच दिवशी लागण झाली. एकाला तीन दिवसांनी ताप आला, दुसऱ्याला दहा दिवसांनी येणार आहे. तुम्ही पाचव्या दिवशी यादी केली तर तीत पहिलाच सापडेल. साथ झपाट्याने वाढत असताना बहुतेकांची लागण अगदी ताजी असते, म्हणून यादीत लवकर आजारी पडणाऱ्यांचीच गर्दी होते आणि परिपाककाल आहे त्यापेक्षा कमी भासतो. आकडे सगळे खरे, तरी उत्तर चुकीचे! हिशेबात याची दुरुस्ती करावी लागते.

नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी वुहानशी संबंधित ८८ प्रवाशांवरून सरासरी ६.४ दिवस असे उत्तर काढले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गटाने १८१ रोग्यांवरून मध्यक ५.१ दिवस काढला. ज्यांना लक्षणे दिसणार, त्यांपैकी ९७.५ टक्के लोकांना ती साडेअकरा दिवसांच्या आत दिसतात, असेही त्यांना आढळले. मग चौदा दिवसांचे काय? वाईटात वाईट धरून चालले तर दर १०,००० रोग्यांपैकी १०१ जणांना लक्षणे चौदा दिवसांनंतर दिसतील, असा त्यांचा अंदाज होता. हे १०१ शून्यावर आणायचे तर निरोगी माणसांनाही आणखी कितीतरी दिवस कोंडून ठेवावे लागले असते. पुढे विषाणूचे रूप बदलले आणि ओमिक्रॉन प्रकाराचा परिपाककाल तीन-चार दिवसांच्या आसपास भरला, तेव्हा सगळे हिशेब पुन्हा करावे लागले.

माझ्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले ते असे. दादाला लागण झालीच असेल, तर ती १७ तारखेला किंवा त्याआधी. शिक्क्याचे चौदा दिवस त्याच्या खिडकीच्या अगदी शेवटच्या टोकापासून मोजलेले आहेत, तेव्हा प्रत्यक्षात कदाचित सोळा किंवा वीस दिवस होऊन गेले असतील. शिवाय त्याला लागण झालीच आहे असेही नाही. मात्र लागण होऊनही काहींना लक्षणे दिसतच नाहीत, आणि त्यांच्याबद्दल परिपाककाल काहीच बोलत नाही. तेव्हा घाई कशाला करता?

त्यांनी आणखी चार दिवस थांबायचे ठरविले. ५ एप्रिलला दादा आईजवळ जाऊन बसला. हातावरची शाई तोवर पुसट झाली होती, पण तारीख वाचता येत होती.