वार्धक्यातील तोल आणि काही रूढ समजुती

साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी एखादी आजीबाई मोरीत घसरून पडली, म्हणजे घरच्या मंडळींचा फैसला बहुधा तिच्या पायाला सूज चढण्यापूर्वीच झालेला असतो: ‘वय झालं, चालायचंच.’ एवढ्या शब्दांत सारे प्रकरण दप्तरी दाखल होते, आणि ज्या कारणांनी ती पडली ती मात्र घरात ठाण मांडून राहतात. वस्तुस्थिती अशी की, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पासष्टी उलटलेल्यांपैकी २८ ते ३५ टक्के माणसे दरसाल पडतात. म्हणजेच त्याच वयाची बहुसंख्य माणसे पडत नाहीत. वयाने धोका वाढतो हे निर्विवाद. परंतु मांड्यांचे दौर्बल्य, मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे आणि पूर्वी एकदा पडल्याचा इतिहास, यांपैकी जितक्या बाबी एकत्र येतील तितका तो बळावतो, आणि यांतल्या कित्येकांवर इलाज आहे.

दुसरी समजूत अशी की, भय काय ते उंचीचे. धाब्यावर जाणारा, कठडा नसलेला अरुंद जिना घातक आहेच; तथापि वृद्धांचे पडणे बहुतांशी सपाट जमिनीवर, स्वतःच्या पायाखालच्या घरात घडते. ओली मोरी, झिजलेल्या सपाता, रात्री लघवीस उठताना न लावलेला दिवा, ही नेहमीची निमित्ते. जुनी सारवलेली भुई काढून तिथे आरशासारखी फरशी बसविणाऱ्या चिरंजीवांचा हेतू स्तुत्य असतो, पण त्या फरशीवर तांब्याभर पाणी सांडले की हेतू कामास येत नाही.

‘रक्तदाब वाढला म्हणून चक्कर आली’ हे निदान तर सर्रास ऐकू येते. प्रत्यक्षात अनेकदा याच्या उलट घडलेले असते: निजलेला मनुष्य एकदम उभा राहिला असता रक्त पायांकडे उतरते, वरचा दाब तीन मिनिटांच्या आत २० अंकांनी किंवा त्याहूनही अधिक घसरतो, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची काही औषधे, झोपेच्या गोळ्या आणि निरनिराळ्या डॉक्टरांनी परस्परांस न विचारता लिहून दिलेल्या गोळ्यांचा संचय या घसरणीस व तोल जाण्यास हातभार लावतो. म्हणून सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. मनाने मात्र एकही बंद करू नये. उठताना आधी खाटेच्या काठावर क्षणभर बसावे.

पडलेल्या माणसाला ‘आता बसूनच राहा’ असे बजावणे ही माया दिसते. माझ्या मते सर्व गैरसमजांत हाच अधिक अनर्थकारी. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल आणखी ढळतो, भीती वाढते आणि भीतीपोटी हालचाल आणखी घटते. खुर्चीच्या हातांना न धरता ३० सेकंदांत किती वेळा उठबस करता येते, ही वैद्यकातील मान्य परीक्षा आहे. कुणी शेजारी उभे असताना तीच उठबस रोजचा व्यायामही होऊ शकते. काठीची लाज बाळगण्याचे कारण नाही, मात्र तिची मूठ मनगटाच्या उंचीला यावी.

राहता राहिला हाडवैद्य. पडल्यावर एक पाय आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेरच्या बाजूस कलंडले, तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय धरावा. ते चोळून वा लेप लावून बसत नाही. शस्त्रक्रियेत दिरंगाई झाल्यास वृद्ध अंथरुणास खिळतो, आणि मग न्यूमोनिया, शय्याव्रण व रक्ताच्या गुठळ्या प्राणावर बेततात. अशा वेळी जखमीस उभे करून ‘चालून दाखव’ म्हणण्याचा मोह आवरावा, पाय हलू न देता त्यास साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे, आणि डॉक्टरांनी धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविण्यास सांगितले, तर त्याच दिवशी निघावे.