पारावरचे तर्कशास्त्र

आमच्या लोणी भापकरला संध्याकाळी पारावर चार माणसे टेकली, की वादाला विषय शोधावा लागत नाही. पावसापासून दिल्लीपर्यंत काहीही निघते आणि घरून जेवायची हाक येईपर्यंत चालते. ज्याचा आवाज मोठा तो जिंकला, असे मला लहानपणी वाटे. कॉलेजात आल्यावर पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा वादाला आवाजाखेरीज दुसरेही माप असते हे समजले. ते माप लावून पाहण्यासाठी मला लांब जावे लागले नाही. आमच्याच ओसरीवर झालेला एक वाद मनात सलत होता.

जून २०२४ मधली गोष्ट. माझा बारावीचा निकाल लागला होता. आदले वर्ष दुष्काळाचे गेलेले, घरात पैशाची ओढाताण. मला बारामतीला कॉलेजात घालायचे की नाही, यावर वडील आणि चुलते बोलत बसले होते. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या म्हणाले, "खालच्या आळीचा तो पोरगा बी. ए. झाला, काय केलं? दुकानात पुड्या बांधतुया. बी. ए. चा काय उपेग न्हाई." मी आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "आणि मावशीच्या गावची ती मुलगी बी. ए. होऊन पोलिसात लागली, ती?" तात्या म्हणाले, "ती येखादी. अपवादानंच नियम सिद्ध हुतो." तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्ही सातवीतनं शाळा सोडली, तुम्हाला बी. ए. तलं काय कळतंय?" वडिलांनी मला आत जायला सांगितले. तात्या काही बोलले नाहीत.

चार वाक्यांच्या या वादात किती दोष आहेत, हे मला वर्षभराने वर्गात कळले. पहिला तर उघड आहे. एका मुलावरून तात्यांनी सगळ्या बी. ए. झालेल्यांचा निकाल लावला. पण मीही एका मुलीवरून उलटा निकाल लावायला निघाले होते. एका उदाहरणाला दुसऱ्या उदाहरणाने उत्तर दिले म्हणून वाद पुढे सरकत नाही. "सगळेच वाया जातात" एवढे विधान खोडायला मात्र एक मुलगी पुरेशी होती. तात्यांनी ते ओळखले आणि 'अपवाद' हा शब्द पुढे केला.

या 'अपवादाने नियम सिद्ध होतो' ची मोठी गंमत आहे. हे वाक्य आपण सगळे वापरतो, जणू नियमाविरुद्ध उदाहरण सापडले की नियम अधिकच पक्का होतो! तसे असते तर दहा अपवाद सापडल्यावर नियम दगडासारखा झाला असता. वास्तविक या म्हणण्याचा जुना अर्थ कायद्यातला आहे. स्टँडवर 'रविवारी ही गाडी बंद राहील' अशी पाटी असेल, तर इतर दिवशी गाडी धावते हे न लिहिताच कळते. अपवाद सांगितला म्हणून नियम समजला, इतकाच त्याचा अर्थ. एखादी मुलगी पोलिसात लागल्याने बाकीच्या मुली घरी बसतात हे त्यातून निघत नाही.

याहून फसवा दोष असतो तो वादाच्या मधेच अर्थ बदलणाऱ्या शब्दाचा. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत 'छल' हा एक आहे. न्यायशास्त्रातले त्याचे जुने उदाहरण असे : एकजण म्हणतो, हा 'नवकंबल' आहे, म्हणजे याच्याजवळ नवे कांबळे आहे. दुसरा लगेच म्हणतो, नऊ कांबळी कुठे आहेत, एकच तर दिसते. संस्कृतात 'नव' चे दोन्ही अर्थ होतात. सरांनी हे सांगितले तेव्हा वर्ग हसला. इतके बावळट कोण असेल, असे मलाही वाटले. परंतु सुट्टीत गावी गेले आणि पहिल्याच संध्याकाळी पारावर नऊ कांबळी दिसली.

आमच्या गावात मल्लिकार्जुनाचे जुने दगडी मंदिर आहे, पुष्करणी आहे, यज्ञवराहाची मूर्ती आहे. बाहेरगावची माणसे मुद्दाम पाहायला येतात. एक पाहुणे म्हणाले, "देऊळ हेमाडपंती दिसतंय." आमच्यातला एक मुलगा त्यावर म्हणाला, "म्हणजे हेमाडपंतानंच बांधलं की! नावातच आहे." एका म्हाताऱ्या बाबांचे म्हणणे, पांडवांनी एका रात्रीत बांधले. बराच वेळ दोन्ही बाजू हटेनात. आता पाहा, पाहुण्यांनी 'हेमाडपंती' म्हटले ते बांधणीवरून. चुन्याशिवाय दगडात दगड बसवून केलेल्या जुन्या कामाला आपल्याकडे सरसकट हा शब्द लावतात. मुलाने तोच शब्द बांधणाऱ्याच्या नावावर नेला. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री पंडित, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी होता. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे आहे, तसा तिथे शिलालेख आहे. म्हणजे ते हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचे, तरी त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. तेव्हा या शब्दावरून मंदिराचा कर्ता ठरत नाही. हेमाडपंताने ते बांधले नाही, असेही ठरत नाही. पण एवढे म्हटले, की पारावरची माणसे म्हणतात, "म्हंजे तू पांडवांच्या बाजूची."

तिसरी गोष्ट 'बारामती' या शब्दाची, आणि ती मला जास्त लागते. शिबिराला बाहेरच्या जिल्ह्यातल्या मुली आल्या होत्या. मी बारामती तालुक्यातली आहे म्हटल्यावर एक म्हणाली, "मग काय, तुमच्याकडे पाणीच पाणी, ऊसच ऊस." तालुक्याबद्दल ऐकलेले तिने तालुक्यातल्या प्रत्येक गावाला लावले. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या अमदानीत, १८८५ साली सुरू झाला. त्याच्या काठची गावे बागायती झाली. आम्ही त्या पाण्याच्या बाहेर, तालुक्याच्या पश्चिमेच्या जिरायती पट्ट्यात. आमच्याकडे बाजरी आणि ज्वारी, उन्हाळ्यात टँकरची वाट. समूहाचा गुण समूहातल्या प्रत्येकाच्या अंगी असतोच असे नाही, हे मी तिला जरा आवेशानेच समजावले.

मात्र प्रामाणिकपणे सांगायचे, तर हाच दोष दुसऱ्या बाजूने आला तेव्हा आम्ही गप्प होतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर होते. घोषणा तालुक्याची झाली, गावागावाची नव्हे. सवलतींत परीक्षा शुल्काची माफीही होती. 'दुष्काळी तालुका' या दोन शब्दांत कालव्याकाठची बागायतही आली आणि आमची कोरडी विहीरही. तेव्हा "समूहाचा गुण प्रत्येकाला कसा लावता?" असे आमच्या पारावर कोणी विचारले नाही. आपल्या फायद्याचा तर्कदोष डोळ्यांना दिसत नाही. (इतर तालुक्यांतल्या कित्येक महसूल मंडळांत पुढे 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. या 'सदृश' वर एक वेगळा लेख होईल.)

शब्दांच्या गैरवापरात मला सर्वांत खटकतो तो 'वितंडवाद'. आपण कोणत्याही भांडणाला वितंडवाद म्हणतो. न्यायशास्त्रात हे तीन वेगळे शब्द आहेत. सत्य कळावे म्हणून बोलणे तो वाद. जिंकण्यासाठी भले-बुरे सगळे मार्ग वापरणे तो जल्प. आणि स्वतःची बाजू मुळीच न मांडता समोरच्याचे तेवढे खोडत राहणे ती वितंडा. आज मात्र कोणी "हे कशावरून?" एवढे विचारले, की "उगाच वितंडवाद घालू नकोस" म्हणून त्याला गप्प बसवतात. पुरावा मागणे म्हणजे वितंडा नव्हे. वर्गातही आम्हां मुलींना हे वाक्य ऐकून घ्यावे लागते. तथापि दुसरी बाजूही आहे. तर्कशास्त्र शिकल्यावर पहिले सहा महिने मी घरात प्रत्येकाची वाक्ये खोडत हिंडत होते आणि माझे स्वतःचे म्हणणे काय, ते एकदाही सांगत नव्हते. त्याला वितंडाच म्हणायला हवे.

आता पुन्हा त्या ओसरीवर येते. माझे शेवटचे वाक्य सगळ्यांत वाईट होते. तात्यांची शाळा किती झाली, यावर त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे अवलंबून नव्हते. मी त्यांचे म्हणणे बाजूला ठेवून माणसावर गेले. विहीर आटली, गुरांमागे जायला कोणी नव्हते, म्हणून त्यांनी सातवीत शाळा सोडली, हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच ते नेमके लागेल असे बोलले गेले.

दुसरेही एक चुकले. तात्यांची कारणे कच्ची होती, पण कारण कच्चे निघाले म्हणून म्हणणे खोटे ठरत नाही. बी. ए. करून पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या उदाहरणात दोष सापडल्यावरही तिथेच होता, आजही आहे. माझ्या प्रवेशासाठी त्या महिन्यात दोन शेळ्या विकल्या, त्या तात्यांच्या होत्या. 'उपेग' हा शब्द ते या वर्षीच्या हिशेबाने वापरत होते आणि मी माझ्या सगळ्या आयुष्याच्या. एका शब्दावर आम्ही दोघे दोन वेगळे वाद घालत होतो.

यंदाच्या दिवाळीत मी त्यांना सरळ विचारले, "तात्या, उपेग म्हणजे तुम्हाला काय म्हणायचं होतं?" ते म्हणाले, "घरात काय येणार, ते. दुसरं काय?" मी माझा अर्थ सांगितला. त्यांना तो पटला नाही, पण ऐकून घेतला. त्या दिवशी बोलले त्याबद्दल मी चुकले, हेही सांगितले. त्यावर ते शेळीला पाला टाकत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "ते देवळाचं काय झालं? हेमाडपंतानं बांधलं का न्हाई?"

मी म्हणाले, "नुसत्या नावावरनं ते ठरत न्हाई, तात्या."

"मंग दोन वर्सं काय शिकलीस?" तात्या म्हणाले.