शहरातली बाग, धंद्याचे नियम (लेखांक 4) : झाडावर चढणाऱ्या माणसाचा विमा

बागकामाचा दर कसा काढायचा, हे मागच्या लेखांकात पाहिले. रोपे, लाल माती, शेणखत, माळ्यांची मजुरी, टेम्पोचे भाडे हे सगळे कोटेशनमध्ये येते. परवानग्या आणि विमा मात्र बहुतेक वेळा राहून जातात. आजचा लेखांक त्यांच्यासाठी.

नोंदण्यांपासून सुरुवात करू. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद महाराष्ट्रात ऑनलाइन होते. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत. धंदा करणाऱ्याचा व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. यातले काही राहून गेले, तर दंड-व्याज भरून मार्ग निघतो. झाड आणि माणूस यांच्या बाबतीत मात्र चूक अशी भरून निघत नाही.

आधी झाड. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 सालचा आहे आणि तो खासगी आवारातल्या झाडांनाही लागू होतो. त्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ फार व्यापक आहे. बुंध्यावर करवत चालवणे तर त्यात आलेच, पण झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. त्यामुळे ‘नुसत्या फांद्याच उतरवल्या’ हा बचाव टिकेलच, असे नाही. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याची अट घातली. सोसायटीचे सेक्रेटरी तोंडी ‘करून टाका’ म्हणाले, तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात येईपर्यंत करवत बाहेर काढू नका. परवानगीची प्रत मुकादमाकडे असावी. ती ऑफिसच्या फायलीत असून जागेवर उपयोग नाही.

आता माणूस. नारळाच्या झावळ्या उतरवताना किंवा गच्चीच्या कठड्याबाहेर वाकून वेल बांधताना माळी पडला, तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. हा नियम 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासूनचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण हिशेबाची रीत कायम राहिली. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. समजा, माळ्याचे वय 30 आणि वेतन 15,000 रुपये. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98 आहे. 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. पाच-सात माळ्यांच्या ठेकेदाराकडे एवढी रक्कम कुठून असणार? रक्कम उशिरा दिली तर वर व्याज आणि दंड. तो दंड विमा कंपनी भरत नाही.

धंद्यात जिला ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ म्हणतात, ती याचसाठी आहे. ती घेताना तीन गोष्टी बारकाईने वाचा. पहिली, कामाचे वर्णन. पॉलिसीत नुसते ‘बागेची देखभाल’ असेल आणि माणूस उंच झाडावरून पडला असेल, तर दाव्यावर वाद होतो. उंचीवरचे काम स्पष्ट लिहून घ्या. दुसरी, माणसांची संख्या आणि वेतन. हप्ता कमी यावा म्हणून आठ माणसांऐवजी चार दाखवली, तर अपघाताच्या वेळी हजेरीपत्रकच तुमच्याविरुद्ध उभे राहते. तिसरी, पोटठेकेदाराची माणसे आणि औषधोपचाराचा खर्च. बऱ्याच पॉलिसींत हे दोन्ही वेगळा हप्ता भरूनच मिळते.

दहा किंवा अधिक माणसे असतील, तर 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागते. वेतनाच्या 3.25 टक्के मालकाचे आणि 0.75 टक्के कामगाराचे. या योजनेत आलेल्या कामगाराला कामावरच्या अपघाताचे लाभ महामंडळाकडून मिळतात.

सोसायट्यांनीही एक लक्षात घ्यावे. ठेकेदाराने भरपाई दिली नाही, तर कामगार मूळ काम देणाऱ्याकडे ती मागू शकतो, अशीही कायद्यात तरतूद आहे. म्हणून वर्क ऑर्डर देण्याआधी पॉलिसीची प्रत मागून घ्या.

फवारणीचे वेगळे. कीटकनाशक कायदा, 1968 नुसार व्यावसायिक कीडनियंत्रणाला परवाना लागतो. तो नसेल, तर ते काम परवानाधारकाला द्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. तेच विष शहरातल्या हिरवळीवरही घातकच आहे.

शेवटी तिऱ्हाइताचे नुकसान. ग्रास कटरच्या पात्याखालून उडालेला खडा पार्किंगमधल्या गाडीची काच फोडतो, क्वचित एखाद्या मुलाच्या डोळ्यालाही लागतो. डब्ल्यूसी पॉलिसीत हे येत नाही. त्यासाठी पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. टेम्पो स्वतःचा असेल, तर त्याचा थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचाच आहे.

हा सगळा खर्च कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून दाखवा. ती ओळ पाहून एखादे काम हातचे गेले, तर जाऊ द्या. माळ्याच्या जिवावर स्वस्त झालेले काम कुणीच घेऊ नये आणि कुणीच देऊही नये. पावसाळ्यापूर्वीची छाटणी हाती घेण्याआधी तुमची पॉलिसी एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचून काढा.

पुढच्या आठवड्यात : सोसायटीबरोबरचा वार्षिक देखभाल करार.