झारा, परात आणि हरवत जाणारे शब्द

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच.

सुरुवात घरातूनच करतो. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी, सांगलीला मावशीकडे. मावशीनं आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. शंकरपाळे तळताना तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "अरे ते दे ना... ते... भोकाभोकाचं." आम्ही सगळे हसलो, तीही हसली. मी झारा दिला.

पुढे हे वाढत गेलं. पहिले डॉक्टर म्हणाले, वय झालंय, टेन्शन घेऊ नका. पण मावशीला दुधाचा हिशोब, एसटीची वेळ, माझे बारावीचे मार्क, सगळं आठवत होतं. अडत होते फक्त शब्द. जवळजवळ वर्षानं न्यूरॉलॉजिस्टनी नाव सांगितलं: प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया, थोडक्यात पीपीए.

आपल्या डोक्यात डिमेन्शिया म्हणजे विसराळूपणा. पीपीएमध्ये आधी भाषा जाते, आणि सुरुवातीला बाकी बरंच काही शाबूत असतं. मार्सेल मेसुलम या न्यूरॉलॉजिस्टनी १९८२ मध्ये असे सहा पेशंट एकत्र मांडले, तेव्हा याकडे वेगळा आजार म्हणून बघणं सुरू झालं. २०११ मध्ये संशोधकांनी याचे तीन प्रकार ठरवले. मी कोडवाला माणूस, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो.

पहिला, सिमँटिक. इथे डेटाबेसमधली नोंदच पुसली जाते. झारा हातात दिला तरी माणूस विचारतो, "झारा म्हणजे काय?"

दुसरा, नॉनफ्लुएंट. अर्थ माहीत असतो, पण आउटपुट अडखळतं. "मी... बाजार... भाजी." प्रत्यय गळतात, उच्चारासाठी झटावं लागतं.

तिसरा, लोगोपेनिक. नोंद आहे, पण क्वेरी टाइमआउट होते. शब्द ओठांवर येऊन थांबतो, आणि लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं परत म्हणता येत नाही. मावशीचा प्रकार हा. यामागे मेंदूत बहुतेक वेळा अल्झायमरचाच बिघाड असतो. बाकी दोन प्रकारांत बहुधा दुसरीच प्रथिनं साचलेली असतात. म्हणून नेमका प्रकार ओळखणं महत्त्वाचं.

आता सगळ्यांचा प्रश्न: औषध काय? पीपीए थांबवणारं औषध आज नाही. हे ऐकून आम्ही पण गप्प झालो होतो. पण स्पीच थेरपीवरचं संशोधन वाचलं आणि थोडा धीर आला.

अमेरिकेत माया हेन्री आणि त्यांच्या टीमनं नॉनफ्लुएंट प्रकाराच्या दहा पेशंटवर एक पद्धत वापरून बघितली. पेशंटच्या रोजच्या आयुष्यातले छोटे परिच्छेद लिहायचे, ते बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाचा व्हिडिओ लावायचा आणि त्याच्यासोबत रोज म्हणायचं. २०१८ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत सराव केलेल्या परिच्छेदांवरची पकड वर्षभरानंतरही टिकून होती. आजार पुढे सरकत असताना, बरं का!

लोगोपेनिक आणि सिमँटिकसाठी शब्दांचा सराव असतो. शब्द अडला की त्याच्याभोवती फिरायचं: वस्तू दिसते कशी, वापरतो कुठे, तिची तुमची आठवण काय, पहिलं अक्षर कोणतं, लिहून बघ. म्हणजे मावशीचं ते "भोकाभोकाचं" खरं तर बरोबर वाटेवरचं होतं. आणि आम्ही हसलो होतो.

यात एक मेख आहे. फायदा मुख्यतः ज्या शब्दांचा सराव केला, त्यांनाच होतो. सगळा शब्दकोश वाचवता येत नाही, त्यामुळे निवड करावी लागते.

मग एका रविवारी आम्ही मावशीजवळ वही घेऊन बसलो. तयार चित्रांच्या संचात तिचं घर थोडंच असणार? मी मोबाईलवर फोटो काढले: झारा, परात, देवघर, तिची बीपीची गोळी. नातवंडांची नावं तिनं सर्वांत वर लिहायला लावली. 'झारा' मीच सुचवला, तर म्हणाली, "तो नको. तो... दाखवता येतो." मग थोडं थांबून म्हणाली, "दुखतंय, हे घे." बोट दाखवून सांगता येणार नाहीत, ते शब्द आधी. हे मला कुठल्याही पेपरात सापडलं नव्हतं.

आता ती रोज अर्धा तास सराव करते. काही शब्द परत आलेत, काही गेलेत. पुढे आणखी जातील, हे तिलाही माहीत आहे.

तर मंडळी, घरात कुणी सारखं "ते... हे..." म्हणू लागलं, आणि ते वाढतच असेल, तर वयावर ढकलू नका. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, स्पीच थेरपिस्टबद्दल स्वतःहून विचारा. लवकर कळलं, तर कोणते शब्द ठेवायचे हे त्या माणसाला स्वतः ठरवता येतं.

एपिसोड आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!