टक्क्याच्या पुढचं

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्यांकडे मी दोनदा जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा त्यांच्या प्रिंटरने माझ्यासमोर निमूट कागद काढून दिले. तिसऱ्या खेपेला तो अडला, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"केबल बदलली, राउटर बदलला. आता तुम्हीच बघा," मालक म्हणाले.

लिनक्सच्या त्या मशीनवर मी अवाही-ब्राउझ चालवलं. नेटवर्कवरचे प्रिंटर २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर आपलं नाव-गाव सांगत असतात; अवाही ते ऐकून मांडतं. इथे एकाच प्रिंटरचे दोन पत्ते आले. एक १९२.१६८ने सुरू होणारा, दुसरा एफई८०ने. जॉब पाठवणारा प्रोग्राम कुणा ओळखीच्या मुलाने लिहिलेला. जो पत्ता आधी येईल तो उचलायचा. पहिला हाती लागला की छपाई सुरू, दुसरा लागला की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'.

एफई८० म्हणजे लिंक-लोकल पत्ता. यंत्र तो स्वतःच बनवून घेतं, आणि तो त्या एका जोडणीपुरताच चालतो. राउटर पुढे नेत नाही. कोकणात गावोगाव मधली आळी असते. पाकिटावर नुसतं 'मधली आळी' लिहिलं तर पोस्टमनने कुठल्या गावाला जायचं? या मशीनला केबलही होती, वायफायही होतं, आणि एफई८० दोन्हींकडे चालतं. म्हणून पत्त्यामागे टक्क्याची खूण करून जोडणीचं नाव लिहायचं : '%ईटीएच०'. मी हाताने ते जोडून पिंग केलं. लगेच उत्तर आलं.

अवाहीने हे नाव प्रत्येक ओळीत, पत्त्याच्या आधीच्या एका रकान्यात दिलेलं होतं. प्रोग्रामने पत्ता ठेवला आणि तो रकाना टाकून दिला. (१६९.२५४चे जुने पत्तेही लिंक-लोकलच. ते दिसले की आम्ही मंडळी डीएचसीपीला, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेला, शिव्या घालतो. पत्ता बिचारा ठरल्याप्रमाणेच वागत असतो.)

दुरुस्ती चार ओळींची. पत्ता आणि जोडणी एकत्र ठेवली, आणि पत्ता फाइलमध्ये साठवणं बंद करून दर वेळी प्रिंटरच्या '.लोकल' नावाने नव्याने विचारायला लावलं. टक्क्यापुढचं नाव त्या मशीनपुरतंच असतं. शेजारच्या संगणकाला ते पाठवण्यात अर्थ नाही.

मग मालकांना प्रिंटरचं सेटिंगचं पान हवं होतं. ब्राउझरमध्ये टक्क्यासकट पत्ता टाकला; त्याने तो घेतलाच नाही. असा पत्ता यूआरएलमध्ये कसा लिहावा याचा नियम, आरएफसी ६८७४, फेब्रुवारी २०१३मध्ये निघाला. '.लोकल' नावाने शोधण्याचा नियम, आरएफसी ६७६२, त्याच महिन्यातला. स्टुअर्ट चेशायर यांचं नाव लेखक म्हणून दोन्हींवर आहे. दुसरा घरोघरी पोचला. पहिला प्रमुख ब्राउझरांनी स्वीकारला नाही. ते पान मी १९२.१६८च्या पत्त्यावरून उघडून दिलं.